सळई रायपूरची, नियामक अणुशक्तिनगरात

गोंदिया-भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत कुठे घराचा स्लॅब पडतो तेव्हा त्यातली सळई पुष्कळदा रायपूरची असते. रायपूरला खेटून असलेल्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल एकमेकांना लागून उभ्या आहेत. तिथल्या भट्टीत मुख्यतः स्पंज आयर्न पडते, पण त्याच्या जोडीला भंगारही पडते. सळई घेणारा भाव विचारतो, ग्रेड बघतो, वाकवून चिरते का ते पाहतो. ती कोणत्या भंगारातून आली, हे विचारण्याचा आपल्याकडे रिवाज नाही. किरणोत्सर्गापासूनच्या संरक्षणाची चर्चा तारापूर-जैतापूरपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. छत्तीसगडमध्ये एकही अणुवीज केंद्र नाही, तेव्हा रायपूरकरांना या विषयाशी काय घेणेदेणे, असा एकूण समज. वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. अणुभट्टीला कुंपण असते, पहारा असतो, तिथे चोवीस तास मोजणी चालते. किरणोत्सारी पदार्थाने सामान्य माणसाचा जीव घेतल्याची जी उदाहरणे आहेत, त्यांतली बरीचशी कुंपणाबाहेरची आहेत: भंगाराच्या ढिगातली, विसरलेल्या यंत्रातली, दवाखान्याच्या अडगळीतली. या जागांवर नजर ठेवायची तर नियामकाची माणसे त्या जागांच्या जवळ असावी लागतात. आपल्याकडे ती नाहीत, आणि हा दोष कायद्याच्या कलमांपेक्षा अंतराचा अधिक आहे.

सळईची धास्ती काल्पनिक नाही. मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझ शहरात एका रुग्णालयाने कर्करोगाच्या उपचारासाठी कोबाल्टचे जुने यंत्र विकत घेतले होते. ते कधी वापरलेच गेले नाही, अनेक वर्षे गोदामात पडून राहिले. १९८३च्या अखेरीस ते भंगारात गेले. त्याच्या पोटातली कुपी फुटली आणि मोहरीएवढे हजारो कोबाल्टचे दाणे ट्रकमध्ये, भंगाराच्या आवारात आणि तिथून फाउंड्रीच्या भट्टीत पोचले. कोबाल्ट हा लोखंडाचा जातभाई. वितळलेल्या पोलादात तो असा मिसळतो की वेगळा काढता येत नाही. त्या भट्टीतून बांधकामाची सळई निघाली, हजारो टन. कोणाला पत्ता लागला नाही. १६ जानेवारी १९८४ रोजी सळईने भरलेला एक ट्रक अमेरिकेत लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेपाशी वाट चुकला आणि तिथल्या दारातला मापक वाजला. पुढे मेक्सिकोत घरोघरी फिरून तपासणी करावी लागली आणि आठशेहून अधिक इमारती पूर्ण किंवा अंशतः पाडाव्या लागल्या. तो ट्रक बरोबर रस्त्याने गेला असता तर त्या घरांत लोक आणखी किती वर्षे झोपले असते? सगळा शोध लागला तो एका चुकलेल्या वळणामुळे.

मेक्सिको दूर वाटत असेल तर खोपोली घ्या. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टची बटणे जोडणाऱ्या एका कारखान्यातले वीस कामगार कोबाल्ट-६०च्या किरणोत्सर्गाला सामोरे गेल्याचे उघड झाले. बटणांतले पोलाद भारतातून आले होते, आणि त्याचा माग खोपोलीतल्या एका फाउंड्रीपर्यंत निघाला. कामगारांना मिळालेली मात्रा एक ते तीन मिलिसिव्हर्ट होती. तिने कोणी आजारी पडत नाही, पण सामान्य नागरिकासाठी वर्षाची मर्यादाच एक मिलिसिव्हर्ट आहे. इथे खटकणारी गोष्ट मात्रेची नाही. भारतात वितळलेले, भारतात ओतलेले, भारतातून बाहेर पडलेले ते पोलाद परदेशात पकडले गेले. त्याच ओतातला जो माल देशातच विकला गेला असेल, तो कोणत्या मापकापुढून गेला?

दोन वर्षांनी दिल्लीच्या मायापुरीत याहून वाईट घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले गामा सेल नावाचे यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात विकले गेले. भंगारवाल्यांनी त्याचे शिशाचे कवच सोलले आणि आतल्या कोबाल्टचे तुकडे दुकानांतून फिरले. एकाने त्यातला तुकडा पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवला. एप्रिलमध्ये कातडी काळी पडलेला एक दुकानदार रुग्णालयात दाखल झाला तेव्हा डॉक्टरांना शंका आली आणि मग यंत्रणा धावली. एकाचा जीव गेला, इतर अनेकांना महिनोन्महिने उपचार घ्यावे लागले. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीत या घटनेची पातळी चौथी होती. आणि हे कोणा अडाणी कारखानदाराचे काम नव्हते. देशाच्या राजधानीतल्या विद्यापीठाचा तो लिलाव होता.

या प्रकरणातून जो धडा घ्यायला हवा होता तो अर्धाच घेतला गेला. परदेशातून येणाऱ्या भंगाराला आता जहाजात चढण्याआधी तपासणीचा दाखला लागतो, मोठ्या बंदरांवर वाहने ज्यातून जातात त्या किरणोत्सर्ग-मापक कमानी बसवण्याचे धोरण आले. पण मायापुरीचा कोबाल्ट बंदरातून आलाच नव्हता. तो चाळीसेक वर्षे देशातच होता. रायपूरसारख्या शहराला धोका समुद्रापलीकडून आलेल्या भंगाराचा आहे, पण त्याहून जवळचा धोका शेजारच्या बंद कारखान्याचा आहे. पोलाद आणि सिमेंटच्या कारखान्यांत बंद हॉपरमधला माल किती भरला हे बाहेरून कळावे म्हणून सिझियम किंवा कोबाल्टचा छोटा स्रोत असलेले मापक बसवतात. शिशाच्या जाड डब्यात ठेवलेला तो स्रोत चालू कारखान्यात निरुपद्रवी असतो. पण स्पंज आयर्नचा धंदा चढउताराचा. मंदी आली, कारखाना बुडाला, बँकेने ताबा घेतला, यंत्रे वजनावर लिलावात गेली, की त्या डब्याकडे कोण बघतो? जड शिसे दिसले की भंगारवाल्याच्या दृष्टीने ती कमाई. किरणोत्सर्गाचा इशारा देणारी त्रिदलाची खूण गंजून गेलेली असते. नियम सांगतो की स्रोत पुरवठादाराकडे किंवा ठरवून दिलेल्या सरकारी संस्थेकडे परत जायला हवा, आणि ही जबाबदारी परवानाधारकाची. ज्या परवानाधारकाचे दिवाळे निघाले, ज्याचा फोन बंद आहे, त्याच्याकडून ही जबाबदारी कोण पार पाडून घेणार? कोबाल्टची किरणोत्सारिता निम्मी व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, सिझियमला तीस. कारखान्याचा मालक बदलतो, व्यवस्थापक बदलतो, नोंदवही हरवते. सिझियम तिथेच असते. आणि सिझियम भट्टीत गेले तर ते पोलादात राहत नाही, वाफ होऊन धुरात जाते आणि धूळ पकडणाऱ्या पिशव्यांत साठते. १९९८ मध्ये स्पेनमधल्या आल्हेसिरासजवळच्या एका पोलाद कारखान्यात असेच झाले, आणि त्या धुराच्या खुणा युरोपभरच्या मापकांवर उमटल्या. ज्यांना आधीच सिलतऱ्याच्या काळ्या धुळीचा वैताग आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता नियामकाकडे वळू. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत, अणुशक्तिनगरातल्या नियामक भवनात. प्रादेशिक केंद्रे चेन्नई, कोलकाता आणि दिल्लीला. मंडळाची तांत्रिक पात्रता कमी नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्या माणसासाठी कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टची मर्यादा मंडळाने घातली आहे, आंतरराष्ट्रीय शिफारस ५०ची असताना. म्हणजे कागदावरचा नियम कडक आहे. प्रश्न असा की तो नियम रायपुरात कोण घेऊन फिरतो. २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या कामाचा जो हिशेब संसदेपुढे ठेवला, तो वाचून कोणाचीही झोप उडावी. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे सुविधांपैकी ५२,१७३ नोंदणीविना चालू होत्या. शेकडा नव्वदाहून जास्त. सर्वाधिक जोखमीच्या औद्योगिक रेडिओग्राफी आणि रेडिओथेरपी केंद्रांच्या तपासण्यांतही मोठी तूट होती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावे असे सांगितले होते. अकरा वर्षांनी, जुलै २०१२ पर्यंत, ते उभे राहिले होते फक्त केरळ आणि मिझोरममध्ये. आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा? १९६२च्या अणुऊर्जा कायद्यानुसार केलेल्या नियमांचा भंग झाल्यास दंड होता पाचशे रुपयांपर्यंत. हेल्मेट न घालता स्कूटर चालवणाऱ्यालाही आज इतके तरी मोजावे लागतात.

या अहवालानंतर काही हालचाल झाली हे खरे. परवान्यासाठी ई-लोरा ही ऑनलाइन व्यवस्था आली आणि नोंदणी बरीच वाढली. म्हणूनच एक आक्षेप असा घेतला जातो की आता सगळे संगणकावर आहे, रायपुरात कार्यालय आणि माणसे कशाला हवीत. आक्षेप वरवर पटणारा आहे. पण संगणकाला फक्त त्याचेच कळते ज्याने स्वतःहून अर्ज केला. ज्याने सेकंड हँड यंत्र आणून मागच्या खोलीत बसवले, ज्याची भिंत अर्ध्या विटेची आहे, ज्याच्या दाराला शिसे नाही आणि दारापलीकडे रुग्णांच्या नातेवाइकांचे बाकडे आहे, त्याची माहिती पोर्टलवर कुठून येणार? शिवाय अर्जात नोंदलेली खोली आणि प्रत्यक्षातली खोली यांत किती अंतर आहे, ते फूटपट्टी घेऊन गेलेल्या माणसालाच दिसते.

एक छोटी वस्तू जवळून बघा म्हणजे मुद्दा उमगेल. एक्स-रे विभागातला तंत्रज्ञ छातीवर एक चपटा प्लॅस्टिकचा बॅज लावतो. त्याला टीएलडी म्हणतात. आत तीन बारीक चकत्या असतात, त्या शरीराला किती मात्रा मिळाली ते साठवून ठेवतात. शिशाचा अॅप्रन घातला असेल तर बॅज अॅप्रनच्या आत लावायचा, कारण शरीराला काय पोचले ते मोजायचे असते. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो, तिथे चकत्या तापवतात, त्यातून निघालेला प्रकाश मोजतात आणि मात्रा काढतात. रचना साधी, स्वस्त, आणि मोठी हुशारीची. आता समजा बॅज तीन महिने टेबलाच्या खणात पडून राहिला. अहवाल येतो: मात्रा नगण्य. माणूस कागदावर सुरक्षित. किंवा उलट, तो अॅप्रनसकट यंत्राच्या खोलीतच खुंटीला लटकत राहिला. मग अहवालात भलतीच मात्रा येते आणि चौकशीचे पत्र येते. दोन्ही आकडे बिनचूक मोजलेले आणि दोन्ही खोटे. बॅज खणात आहे की छातीवर, हे अणुशक्तिनगरातून दिसत नाही. ते दुपारी अडीच वाजता, न सांगता, दवाखान्यात शिरलेल्या माणसालाच दिसते. रायपुरात आज आंबेडकर रुग्णालयाच्या कर्करोग केंद्रापासून एम्सपर्यंत मोठ्या संस्था आहेत. तिथे भौतिकशास्त्रज्ञ असतात, नोंदी असतात. काळजी त्यांची कमी आहे. काळजी आहे ती गल्लीबोळातल्या, आणि त्याहून जास्त महासमुंद-धमतरीसारख्या जिल्ह्यांतल्या, एका माणसावर चालणाऱ्या केंद्रांची, जिथे कामगारही तोच, मालकही तोच आणि सुरक्षा अधिकारीही तोच.

हे सगळे उगाच भीती पसरवणे आहे, असे काही शास्त्रज्ञच म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जगभरच्या माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. केरळात करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे ही मात्रा कितीतरी जास्त आहे, आणि तिथल्या लोकसंख्येचा दीर्घकाळ अभ्यास करूनही कर्करोगाचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे दिसलेले नाही. छातीच्या साध्या एक्स-रेची मात्रा निसर्गातून काही दिवसांत मिळते तेवढीच. रुग्णाने एक्स-रेला घाबरून निदान टाळणे हा मूर्खपणा आहे, आणि वर्तमानपत्रांनी असली भीती विकू नये. पण छातीच्या सीटी स्कॅनची मात्रा साधारण दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक मात्रेएवढी असते, आणि रुग्णाला कायद्याने मात्रेची कमाल मर्यादाच नाही; ती डॉक्टरच्या विवेकावर सोडलेली आहे. म्हणजे तपासणी खरोखर गरजेची आहे का आणि यंत्र नीट बांधलेले आहे का, या दोनच गोष्टींवर रुग्णाचे संरक्षण उभे आहे. लहान मुलाचे स्कॅन मोठ्या माणसाच्या सेटिंगवर काढले तर त्याला विनाकारण जास्त मात्रा मिळते आणि त्याच्या आईला ते कधीच कळत नाही. नियमनाचा उद्देश भीती घालणे हा नाहीच. मोजलेल्या गोष्टीला घाबरायचे कारण उरत नाही. आपली अडचण ही की आपण मोजतच नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. राज्याच्या हाती आणखी एक तपासनीस दिला की आणखी एक हप्ता सुरू होईल. अन्न व औषध, कारखाने, प्रदूषण, अग्निशमन या साऱ्यांना तोंड देऊन दमलेला छोटा दवाखानदार हे ऐकून कपाळाला हात लावेल. यात खोटे काही नाही. मात्र किरणोत्सर्गाची तपासणी इतर तपासण्यांपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे: तिचा निकाल तपासनिसाच्या मर्जीवर नसतो, मापकाच्या आकड्यावर असतो, आणि तोच आकडा दुसरा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा काढू शकतो. तपासणीची तारीख, यंत्राचा क्रमांक आणि बाहेरच्या भिंतीजवळचे मोजमाप त्याच दिवशी ई-लोरावर जनतेला दिसेल असे टाकले, तर हप्त्याला फारशी जागा उरत नाही. आणि हेही विसरू नये की आज जो दवाखाना नियम पाळतो, जाड भिंत बांधतो, दर दोन वर्षांनी यंत्राची गुणवत्ता-तपासणी करून घेतो, त्याचा खर्च वाढतो आणि समोरचा बिनपरवाना केंद्रवाला त्याच्यापेक्षा कमी दरात एक्स-रे काढतो. तपासणीच नसणे ही प्रामाणिक माणसावरची जबर पट्टी आहे.

तिसरा मुद्दा घटनेचा. अणुऊर्जा हा केंद्राच्या यादीतला विषय, राज्याने त्यात हात घालू नये. पण आरोग्य राज्याकडे आहे, आणि केरळने मंडळाच्या अधिकृत परवानगीने आपले संचालनालय चालवून दाखवले आहे. परवान्याचे निकष मुंबईने ठरवावेत, तपासणी राज्याने करावी. यात घटनेला कुठे धक्का लागत नाही.

राहिला प्रश्न नव्या कायद्याचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर केला, १९६२चा कायदा मोडीत काढला आणि नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. ही मागणी फार जुनी होती. ज्या अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा खात्याचा सचिव, त्याच आयोगाला मंडळाने उत्तर द्यायचे, या व्यवस्थेवर मंडळाचे माजी अध्यक्ष अ. गोपालकृष्णन यांनी नव्वदच्या दशकातच बोट ठेवले होते. २०११ चे नियामक विधेयक पंधराव्या लोकसभेबरोबर बारगळले. तेव्हा दर्जा मिळाला हे चांगलेच. परंतु या कायद्यावरची जवळजवळ सारी चर्चा खासगी अणुभट्ट्या आणि अपघाताची भरपाई यांवर झाली. भंगार, बंद कारखाने आणि एक्स-रे यांची आठवण फारशी कोणाला झाली नाही, कारण त्यांना ना मोठी गुंतवणूक लागते ना त्यांच्यावरून मोर्चे निघतात. कागदावर स्वायत्त झालेला नियामक सिलतऱ्याच्या भंगाराच्या आवारात पूर्वीइतकाच गैरहजर असेल, तर रायपूरकरांच्या दृष्टीने फरक शून्य.

यासाठी फार मोठे काही उभारायचे नाही. रायपुरात पुरेशी माणसे, एक गाडी आणि चांगली मापके असलेले संचालनालय हवे. नुसती पाटी नको. भंगार वितळवणाऱ्या प्रत्येक भट्टीच्या फाटकावर, वजनकाट्याशेजारी, मापक सक्तीचे करावे. वजनकाट्यावर ट्रक थांबतोच, तेवढ्या वेळात मोजणी होते. छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाचे लोक धुराड्यांची तपासणी करायला तसेही तिथे जातात. त्यांच्या हातात एक मापक द्यायला वेगळा कायदा लागत नाही. ज्या कारखान्याकडे किरणोत्सारी स्रोताचा परवाना आहे, तो दिवाळखोरीत गेला तर लिलावाची जाहिरात निघण्याआधी स्रोत परत गेल्याचा दाखला बँकेने मागितलाच पाहिजे. मायापुरी प्रकरणातल्या लिलावात हा एवढा एक कागद मागितला गेला असता तर ते यंत्र विद्यापीठाच्या बाहेर पडले नसते.

रायपूर ते मुंबई अंतर सुमारे अकराशे किलोमीटर आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला संचालनालय उभे करायला सांगितले ते २००१ मध्ये. छत्तीसगड राज्य तेव्हा जेमतेम एक वर्षाचे होते.